खर्ज थांबला तिथे

स्टुडिओत माझं काम जड वाद्यं उचलायचं. व्हायोलिनवाले आपली पेटी काखेत मारून यायचे. माझ्या वाट्याला पियानो आणि खर्जदादांचं ते धूड. आकार व्हायोलिनचाच, पण माणसाहून उंच, आणि आवाज जमिनीखालून आल्यासारखा. सगळ्यांत खालचा सूर तो खर्ज. तो वाजवायचे म्हणून खर्जदादा.

चित्रपटाचं पार्श्वसंगीत रेकॉर्ड करताना वादक पडद्याकडे पाठ करून बसतात. पडदा दिसतो तो समोर उभं राहून सगळ्यांना वाजवायला लावणाऱ्या मास्तरांना. आणि दाराशी उभ्या असलेल्या मला.

"काय चाललंय रे मागे?" दादा विचारायचे.

"बाई जिना चढतेय."

"नुसती?"

"नुसती."

मग ते तारांवरून गज ओढायचे. जिना तोच, बाई तीच. पण आता तिनं वर जाऊ नये असं वाटायचं.

लोकांना ही बोटांची करामत वाटते. खांद्याला विचारा. लांब सूर धरायचा म्हणजे काठोकाठ भरलेली बादली न हिंदकळू देता जिन्यावरून न्यायची. दादांचा उजवा खांदा कामातून जात चालला होता. वहिनी रोज तेल चोळायच्या. बाहेर बोलायचं नाही, अशी आम्हा दोघांना ताकीद होती. मास्तरांकडे यंत्र येऊन पडलं होतं. कळ दाबली की खर्ज. खांद्याचं कळलं असतं तर दादांची जागा गेलीच.

त्या दिवशी शेवटचा प्रसंग होता. म्हातारा बाप रिकाम्या घराला कुलूप लावतो. व्हायोलिनं आधी थांबायची, खर्ज शेवटपर्यंत. दिग्दर्शकाचं समाधान होईना.

"रडू येतंय हो, पण कुणीतरी चिमटा काढून रडवतंय. पुन्हा."

पुन्हा. आणखी पुन्हा. दादांची मान घामानं भिजली. बापानं किल्ली कुलपात घातली आणि दादांचा हात खाली आला. सूर तुटला. पडद्यावर एकटा बाप उरला. मी डोळे मिटले. गेली जागा, म्हटलं.

"हेच!" दिग्दर्शक ओरडला. "कुणाला सुचलं हे?"

मास्तर हसले. "दादा, इतकी वर्षं ही अक्कल कुठं दडवली होती?"

सगळे हसले. दादाही. मास्तर कागद चाळत होते.

"मग आधीच्या प्रसंगांतूनही खर्ज काढू. उद्या तुम्ही आराम करा."

"आणि परवा?"

"कळवतो."

वाद्य गाडीत चढवताना मी म्हटलं, "खांद्याचं खरं सांगून टाकू? उपचारापुरती सुट्टी तरी देतील."

"नको. कौतुक झालंय, राहू दे."

कळवलं कुणीच नाही. यंत्राला आराम लागत नाही.

चित्रपट लागला तेव्हा आम्ही तिघं गेलो. आपला सूर आला की दादा वहिनींना कोपरानं ढोसायचे, ही त्यांची जुनी खोड. बापानं कुलूप हातात घेतलं. किल्ली घातली. सगळं थिएटर चिडीचूप. वहिनी कोपराची वाट बघत होत्या.

"अहो, तुमचं कधी येणार?"

"चालूच आहे."

"काहीच तर वाजत नाहीये!"

"हो," दादा म्हणाले, आणि पडद्याकडे बघत डाव्या हातानं उजवा खांदा दाबत राहिले.