तीन आठवड्यांत दोन मापं

साठ सालानंतरची गोष्ट. बंगळूरला, बसवनगुडीत घरमालकीणबाईंच्या, म्हणजे अक्कांच्या, मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. हवा सोडून गर्भनळी मोकळी करण्याचा उपचार दोनदा झाला, इंजेक्शनं झाली, तेव्हा कुठे बायकोला दिवस राहिले. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, की वय बत्तीस, पहिलंच मूल आणि तेही उपचारांनी. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, हात-तोंड सुजलं तर एक दिवसही थांबू नका. तेव्हापासून तिच्या प्रत्येक 'बरी आहे'वर माझा संशय असे.

सातव्या महिन्यात अक्कांनी डोहाळजेवण मांडलं. हिरवा चुडा भरायला कासार आला. संक्रांतीला यानंच तिला दोन-चारच्या, म्हणजे सव्वादोन इंचांच्या, बांगड्या भरल्या होत्या. आज त्यानं दोन-सहा बाजूला सारून दोन-आठ काढल्या. मधे तीनच आठवडे गेले होते. बायका म्हणाल्या, अंग कसं छान भरलंय. मी कासाराला माप पुन्हा विचारलं.

"अण्णा, कारखान्यातली पट्टी कारखान्यात ठेवा," अक्का म्हणाल्या. "गर्भारशीचा हात भरतोच."

कारखान्यात मी मापंच तपासायचो. तीन आठवड्यांत पाव इंच मला पटेना. तिच्या बोटात अंगठीही नव्हती. विचारलं तर म्हणाली, कणीक मळताना अडते. नऊ वर्षांत ती कधी अडली नव्हती.

पानं मांडायच्या आत मी तिला आतल्या खोलीत नेलं.

"डोकं दुखतंय?"

"स्वल्प."

"किती दिवस?"

"चार. सांगितलं असतं तर तुम्ही हे होऊ दिलं नसतं. नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्याच ओट्या भरल्या."

मी जटका बोलावला. अक्कांनी मला दोन शब्द ऐकवले, पण तांदूळ-नारळ घेऊन त्या धावत आल्या आणि तिची ओटी त्यांनी टांग्यातच भरली.

इस्पितळात रक्तदाब एकशे सत्तर निघाला. डॉक्टरीणबाईंनी तिला परत घरी पाठवलंच नाही. महिनाभर तिथेच खाटेवर ठेवलं. मुलगी पाच आठवडे आधी झाली, चार पौंडांची. दोघी वाचल्या. नर्स रोज मुलीचं वजन सांगायची. मी ऐकून घ्यायचो आणि मग स्वतः काट्यावर वाकून बघायचो.