निमोण्याच्या रस्त्यावरचा निळा धूर

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता पुसट झाल्या आहेत, पण निमोण्याच्या रस्त्यावरची ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. मी तेव्हा शिरूर ठाण्यात फौजदार होतो.

सकाळी सातच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन घेतला. दूध घालायला निघालेल्या एका अंगणवाडी सेविकेला मागून आलेल्या जीपने उडवलं होतं. जीप थोडी पुढे जाऊन थांबली आणि मग निघून गेली. बाई रस्त्याकडेला बेशुद्ध पडल्या होत्या. त्यांना दवाखान्यात पोचवून आम्ही पंचनामा केला. फुटलेल्या दिव्याच्या काचा, सांडलेलं दूध आणि टायरचे ठसे, एवढंच हाती लागलं. दूध केंद्रावरच्या कॅमेऱ्यात जीप पाठमोरी दिसत होती. जुनी, उंच, पांढरी फोर बाय फोर. नंबरप्लेटवर धुराचा लोट आला होता. चित्र काळंपांढरं, त्यामुळे धुराचा रंगही कळत नव्हता.

साक्षीदार एकच होते. रस्त्याच्या वर माळावर मेंढरं घेऊन बसलेले सत्तरीचे आबा.

"गाडी उतारानं आली, बाईला धक्का दिला न् म्होरं जाऊन थांबली," ते म्हणाले. "वाईच उभी ऱ्हायली. मग अशी जोरात काढली की निळा लोट उठला बगा. जळक्या तेलाचा वास. माझी मेंढरं शिंकाय लागली."

मी ते जबाबात लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हणजे ऐकलंच असं नाही, हे पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी खबर आली. फोनवरच्या माणसाने नाव सांगितलं नाही. "निमोण्यात तसली जीप एकाचीच हाय. धूर काढती. बंपर पण वाकलाय." चौकशी केली, तर खरंच होतं. गावाच्या कडेच्या बौद्धवस्तीतला तिशीचा तरुण. जुनी टर्बो डिझेल जीप घेऊन बाजारचा कांदा आणि शेतमजूर यांची ने-आण करायचा. नुकत्याच झालेल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो गावातल्या पुढाऱ्यांच्या विरोधात उभा राहिला होता, हेही कानावर आलं. मी त्याला महत्त्व दिलं नाही.

त्याला चौकशीला बोलावलं. तो घाबरला होता, पण उत्तरं सरळ देत होता. बंपर चिंचेच्या झाडाला घासला म्हणाला. त्या सकाळी गाडी दारातच होती म्हणाला, पण सांगायला घरच्यांशिवाय कोणी नव्हतं.

"साहेब, लोक म्हणत्यात निळा धूर व्हता. माझी गाडी काळा सोडती. तुम्ही बघा तरी."

"धूर तो धूर," मी म्हणालो.

बाहेर बाकावर त्याची आई बसून होती. गावातले पुढारी येऊन विचारत होते, अटक कधी. दवाखान्यात बाईंना शुद्ध आली नव्हती. मीही जवळजवळ ठरवून टाकलं होतं. तरीही बाकावरच्या त्या आईकडे पाहून मी आबांचा जबाब पुन्हा काढला आणि 'निळा' या शब्दावर अडखळलो. मोटार वाहन निरीक्षकांनी ब्रेक, दिवे आणि बंपर तपासून अहवाल दिला होता. त्यात धुराबद्दल एक ओळही नव्हती.

दौंडला नेमणूक असताना आमच्या ठाण्याची गाडी एक मिस्त्री दुरुस्त करायचे. रेल्वेत आयुष्यभर डिझेल फिटर म्हणून राबलेले, निवृत्तीनंतर छोटं गॅरेज टाकलेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी फोन केला. दुपारच्या एसटीने ते शिरूरला आले.

ठाण्याच्या आवारात मामांनी जीप चालू केली. इंजिन तापू दिलं. जागेवर धूर जवळजवळ नव्हता. मग त्यांनी एकदम रेस दिली आणि काळा भपका आला. त्यांनी सायलेन्सरपुढे पांढरा रुमाल धरला, तो बोटांनी चोळला आणि मला दाखवला. कोरडी काजळी होती.

"काळा धूर म्हंजी डिझेल जास्त न् हवा कमी," ते म्हणाले. बॉनेट उघडून त्यांनी हवा दाबून भरणाऱ्या टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपाखाली तळहात धरला. "हितं फाटलाय. हवा भायेरच निसटती. ह्या गाडीला दुसरं काय न्हाई."

"आणि निळा धूर?"

"निळा म्हंजी इंजिन ऑइल जळतंय. रुमालाला चिकट डाग पडला असता. तुमचा साक्षीदार म्हणतोय, उतारावरनं आली, उभी ऱ्हायली, मग रेस दिल्यावर लोट आला. टर्बोचं सील गेलं की ऑइल पाइपात झिरपून साठतं न् रेस दिली की जळतं. साहेब, ही ती गाडी न्हवं."

मामा पुढे म्हणाले, "ज्याची हाय त्याला रोज ऑइल वतावं लागत आसंल. तो आज न् उद्या टर्बो बदलाय कुठंतरी जाणार. तिथं हुडका."

त्या तरुणाला मी त्याच संध्याकाळी घरी पाठवलं आणि दोन अंमलदारांना गॅरेजांच्या चौकशीला लावलं. शिरूर, दौंड, पाटस. तिसऱ्या दिवशी कुरकुंभच्या बाजूला एका गॅरेजवाल्याने सांगितलं, अपघातानंतर दोन दिवसांनी एका पांढऱ्या जीपला टर्बो आणि पुढचा डावा दिवा नवा बसवला. मालक कारखान्यांना कामगार पुरवणारा ठेकेदार, शिरूर भागातलाच. पहिल्या पाळीची माणसं बघायला तो रोज सकाळी त्या रस्त्याने जायचा.

तो आला तेव्हा इस्त्रीचे कपडे, शांत चेहरा. "माझी गाडी धूरच सोडत नाही, साहेब. चालू करून बघा." खरंच, गाडी साफ होती. मी मामांना पुन्हा बोलावलं होतं. त्यांनी पंचांसमोर टर्बोच्या पुढचा पाइप सोडवला आणि खाली परात धरली. काळं ऑइल संथपणे परातीत उतरलं.

"टर्बो नवा हाय," मामा शांतपणे म्हणाले. "मग ह्ये तेल कुणाचं? जुन्या टर्बोनं वकलेलं हाय. दिवा बदलला, टर्बो बदलला, पाइप धुवायचा ऱ्हायला."

ठेकेदाराने पाणी मागितलं. पेला एका घोटात संपवून त्याने खाली ठेवला.

"बाई हलत होत्या," तो शेवटी म्हणाला. "मी आरशात बघितलं. वाटलं, कुणीतरी उचलंल. पाळीची वेळ झाली होती." मग त्याला रडू फुटलं. फुटक्या दिव्याच्या काचांचे तुकडे त्याच गॅरेजच्या भंगारात मिळालेल्या दिव्याला जुळले. पुढे कोर्टात गुन्हा शाबित झाला. बाई वाचल्या, काही महिन्यांनी काठी घेऊन का होईना, अंगणवाडीत परत गेल्या.

मी निमोण्याला त्या तरुणाच्या घरी गेलो आणि चुकलो म्हणून सांगितलं. फौजदाराने असं सांगायची पद्धत नाही, पण गेलो. त्याच्या आईने मला बसायला घोंगडी टाकली आणि म्हणाली, "साहेब, तुमी देवासारकं आला." मला ते ऐकवेना. मी तिला खरं तेच सांगितलं, की तुमचा मुलगा पहिल्या तासातच खरं बोलला होता आणि मी ऐकलं नाही. त्याला वाचवणारा माणूस दौंडला असतो. पुढच्याच आठवड्यात दोघं मायलेक मामांना भेटून आले. मामांनी जीपचा फाटका पाइपही बदलून दिला.

निवृत्त झाल्यावर मी सर्वांत आधी मामांकडे गेलो. हात जोडून म्हणालो, "तुम्ही नसता तर एक निरपराध माणूस माझ्या हातून आत गेला असता. तुमचे उपकार विसरणार नाही."

मामांनी चहा पुढे सरकवला.

"कसले उपकार? तुम्ही विचारलं, म्हणून मी सांगितलं. न विचारता मी कशाला ठाण्याची पायरी चढतोय?"

ते सहज बोलले. मी मात्र घरी येईपर्यंत तेच घोळवत होतो. त्या एका वेळी मी विचारलं. पस्तीस वर्षांत कुठल्या कुठल्या तपासात, शेजारच्याच कुठल्या माणसाला उत्तर ठाऊक होतं आणि मी विचारलंच नाही, हे मला कधीच कळणार नाही. म्हणून त्या एका विचारण्याबद्दल मी मामांचा, मेंढरांमागच्या आबांचा आणि बाकावर बसून मुलाची वाट पाहणाऱ्या त्या आईचा जन्मभर ऋणी आहे.