पातेलं बोलतं तोवर गप्प

दरवर्षी पानगळीच्या सुट्टीला सगळे एकत्र जमत, तेव्हाचं जेवण सासूबाई एकहाती करत आणि ते होईपर्यंत घरात कुणी तोंड उघडायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. सारा जन्म यंत्रमागांवर गेलेला. त्या खडखडाटात कोणता माग कुरकुरतोय हे त्या लांबून सांगत, मग एका पातेल्याची काय कथा? कोंबडी, कांदे, बटाटे, गाजरं जाड बुडाच्या पातेल्यात रचायची, झाकण लावायचं आणि ऐकत राहायचं. रटरट थांबून बारीक चुरचुर लागली की समजायचं, पाणी आटलं, आता बुडाला रंग धरतोय. खरी चव तिथेच. तिथे घाई केली की जेवणाचं मातेरं झालंच म्हणून समजा.

म्हणून त्या दिवशी दोन्ही मुलगे बाहेरच्या सोफ्यावर शाळेतल्या पोरांसारखे हाताची घडी घालून बसत. दोघांचेही कानांजवळचे केस पांढरे झालेले, पण एरवी एकमेकांसमोर आले की भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे की मागे यावरूनसुद्धा जुंपायची. यंदा थोरल्याने दारातच धाकट्याच्या बायकोला हळूच ऐकवलं होतं, "आईला आता झेपत नाही. या वेळी काही बिघडलं, तर पुढच्या वर्षीपासून सरळ हॉटेलात जाऊ."

धाकटी सून बसमध्ये कंडक्टर. या घरातली तिची ही पहिलीच सुट्टी. लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंनी तिला एकदाही "आमच्याकडे असं नसतं" म्हणून सुनावलं नव्हतं, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी ती त्यांच्यावर जीव टाकायची. हॉटेलचं ऐकून तिला वाईट वाटलं. गाजरं तरी चिरून देऊ, म्हणून ती स्वयंपाकघरात शिरली.

चिरता चिरता तिच्या हातून स्टीलची परात निसटली. असा आवाज झाला की बाहेर दोघेही भाऊ दचकून उठले. हातभर अंतरावर पाठमोऱ्या बसलेल्या सासूबाई मात्र निवांत बटाटे सोलत होत्या.

धाकटीला उमगलं. बाई ठार बहिऱ्या झाल्या होत्या आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. समोरून बोललं की ओठांवरून ओळखून अशी झकास उत्तरं द्यायच्या, की शंका यायची सोय नाही. हे थोरल्याला कळलं तर संपलंच. तिने तिथल्या तिथे ठरवलं, आज यांचे कान आपण व्हायचं.

पातेलं चढवून बराच वेळ झाल्यावर सासूबाई ताटं काढायला आतल्या कपाटाकडे गेल्या आणि इकडे पातेल्यात चुरचुर सुरू झाली. चुरचुरीचं गुपित धाकटीला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कसं, सगळे गप्प. करपतंय, असं वाटून तिने घाईघाईने तांब्याभर पाणी आत ओतलं.

सासूबाई परतल्या. ताटं ओट्यावर ठेवली आणि झाकणाच्या कडेला तीन बोटं टेकवून उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या बोटांनी ऐकत होत्या. कान गेल्याचा बाऊ न करता या बाईने हाताला नवी विद्या शिकवली होती.

"पाणी ओतलंस?"

धाकटीने रडवेल्या चेहऱ्याने मान हलवली.

"असू दे. करपत नव्हतं, रंगात येत होतं. आता परत आटू द्यायचं."

भुकेला थोरला दारात आला. "आई, अजून किती वेळ?" पाठमोरी आई हलली नाही. त्याने पुन्हा विचारलं, मग जवळ येऊन खांद्याला हात लावला. त्या दचकल्या आणि त्याला कळायचं ते कळलं. झाकण उचलून त्याने आतलं फिकट पाणी बघितलं.

"तुला ऐकू येत नाही, आई. आणि हे बिघडलं."

"मी बिघडवलं," धाकटी मध्ये पडली. "त्यांचं अगदी बरोबर चाललं होतं. माझे दोन्ही कान धड आहेत, तरी मीच पाणी ओतलं."

धाकटाही आत आला होता. आईपुढे उभा राहून तो म्हणाला, "मग आम्ही आजवर गप्प कशाला बसायचो?"

सासूबाईंनी पदराला हात पुसले. "आधी लागायची शांतता. आता नाही लागत. पण इथून दारातून सोफा दिसतो. तुम्ही दोघं न भांडता शेजारी शेजारी बसलेले वर्षातून तेवढेच दिसता मला."

थोरल्याने झाकण परत लावलं आणि त्यावर बोटं ठेवली. आईने ती उचलून योग्य जागी टेकवली.

"धडधडतंय ना? ते बारीक झालं की सांग."

तो उभा राहिला. बराच वेळ. धाकट्यानेही दुसऱ्या कडेला बोटं लावली.

"झालं बारीक," थोरला म्हणाला.

"कुठे झालं? तुला कळतं का काही?" धाकट्याने लगेच टोकलं.

पातेल्यावरची नजर न हलवता थोरला पुटपुटला, "पुढच्या वर्षी मी सकाळीच येईन. हे एका दिवसात जमायचं नाही."

त्याचा चेहरा पलीकडे होता. सासूबाईंनी सुनेला विचारलं, "काय म्हणतोय?"

धाकटीने समोर येऊन सावकाश सांगितलं. सासूबाईंचे डोळे भरून आले, पण आवाज नेहमीचाच होता.

"ये म्हणावं, आणि येताना भावालाही घेऊन ये."