दांडगा फिल्टर

आमचे काका जन्मभर इमारतींच्या गच्चीवर पाणी चढवणारे पंप दुरुस्त करत आले. त्यामुळे जो पंप भिंत हादरवत नाही, तो त्यांच्या लेखी पंपच नव्हे. निवृत्त झाल्यावर त्यांनी बैठकीत माशांची छोटी टाकी मांडली, आत हौसेने रोपं लावली आणि फिल्टर मात्र दुकानातला सगळ्यात दांडगा निवडला. "काका, सुरुवातीला साधा स्पंजचा पुरतो," दुकानदार म्हणाला. काकांनी असं काही पाहिलं, की त्याने मुकाट्याने पावती फाडली.

घरी बटण दाबताच रोपं मुळासकट तरंगू लागली आणि मासे कोपऱ्यात काचेला चिकटले.

"अहो, त्यांनाही गच्चीवर चढवायचंय का?" काकूने विचारलं.

काका फुगले, पण दुसऱ्या दिवशी गुपचूप स्पंजचा फिल्टर घेऊन आले. तो नुसते बुडबुडे सोडतो. रोपांनी मूळ धरलं, मासे टाकीभर फिरू लागले.

आता बैठकीत धडधडणारी एकच मोटर उरली आहे. ती दुपारी जेवणानंतर टाकीसमोरच्या आरामखुर्चीत घोरायला लागते, आणि काकू शपथेवर सांगते, मासे तेवढा वेळ पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसतात.