धुतलेला धोंडा

माय धोंड्यावरून उठली की गुरुजींची बायको त्याच्यावर तांब्याभर पानी ओते. आम्ही अंगनाबाहेर निघालो का नाही, तेवढाही दम तिले नसे. एकदा ते पानी माह्या पायावर उडालं. मी सातआठ वर्षांची होती. मले वाटलं, बाईनं पाय धुवायले पानी देल्लं. मी दुसराही पाय पुढं केला. बाई हासली नाही, रागावली नाही. मायले म्हनली, "हिला सांग काहीतरी." मायनं वाटेत मले एक थापड मारली अन् मंग स्वतःच रडत बसली.

गुरुजी म्हंजे आमच्या गावचे पंडित. अमडापूरच्या बाजाराले जाता-येता लोकं त्यायच्या घराकडं पाहून हात जोडत. झाडपाल्याच्या औषधांचा मोठा ग्रंथ लिहून राह्यले होते. अन् झाडपाला वळखे कोन? माही माय. गावकुसाबाहेरची बाई. वस्तीतली बाळंतपनं करे, डोंगरातून मुळ्या आने. आठवड्यातून एकदा गुरुजी तिले बोलवत. लिंबाच्या झाडाखाली चपटा धोंडा होता, त्याच्यावर ती बसे. गुरुजी खिडकीत, खुर्चीवर. माय एकेक पाला हाती धरून सांगे, हा कायचा, कवा तोडायचा, कशात उगाळायचा. गुरुजी लिहून घेत. सांगून झालं की ती उठे, पाला धोंड्यावर ठेवे, मागं सरे. बाई पाल्यावर पानी शिंपडे, मंगच गुरुजी त्याले हात लावत. मंग धोंडा धुवायचा. पाला धुतला, धोंडा धुतला. मायनं सांगितलेलं मात्र जसंच्या तसं वहीत गेलं. त्याच्यावर नाही कोनी पानी टाकलं.

मले तवापासून हेवा वाटे. खोटं काऊन बोलू? त्या खुर्चीचा, दौतीचा, खिडकीचा. घरी येऊन मी मायले पिढ्यावर बसवो अन् समोर बसून राखेत बोटानं रेघोट्या ओढो. माय म्हने, काय करून राह्यली वं? मी म्हनो, लिहून घेऊन राह्यली.

गुरुजी गेले. दोन वर्षांनी माय गेली. महाराष्ट्र झाला, त्याच्यामागून थोड्या वर्षांनी गुरुजींच्या घराचं स्मारक झालं. मुंबईचे साहेब आले, फीत कापली, जेवनावळी झाल्या. मी तिथं झाडलोट करायले लागली. चौथी शिकलेली होती, पाट्या वाचता येत.

रोज काचेच्या पेट्या पुसायची. एकीत गुरुजींचे तीन चष्मे. तीन! माय शेवटी शेवटी पाल्याचा वास घेऊन झाड वळखे, डोळ्याले काही दिसतच नव्हतं. दुसऱ्या पेटीत गुरुजींच्या चपला, मखमलीवर ठेवलेल्या. माह्या मायच्या पायात जन्मात चप्पल नव्हती. मेलेल्या मानसाच्या चपलेवर जळनारी बाई पाहिली का कवा? ते मी. मधल्या पेटीत ते वही, उघडी ठेवलेली. पाटीवर लिहिलेलं: 'गुरुजींनी रानोमाळ हिंडून मिळवलेलं ज्ञान.' गुरुजी अंगनाच्या खाली उतरत नसत. ते पाटी मीच रोज पुसून लख्ख करो.

मंग एक दिवस धोंड्याभवती साखळी आली. संगमरवराची पाटी आली: 'या शिळेवर बसून गुरुजी चिंतन करीत.' हे डोकं कोनाचं? स्मारकाचा कारभार पाहनाऱ्या चिटनीस साहेबांचं. गुरुजींचे भाचे, पुन्यात वाढलेले, लहानपनी सुटीत मामाकडं येत. धोंडा धुताना त्यायनं पाहिला होता. कशापायी धुतात, ते काही पाहिलं नाही. लोकं त्याच्यावर फुलं वाहू लागले. मले सांगितलं, तू साखळीच्या आत जायचं नाही, झाडू बाहेरूनच मार. मंग मले त्या धोंड्याचाही हेवा वाटला. आमच्यासोबतच होता तो. तो वर गेला, आम्ही तिथंच.

गुरुजींच्या पुन्यतिथीले पुन्याहून पाहुने आले. चिटनीस साहेब त्यायले सांगून राह्यले होते, "मी स्वतः पाहिलंय. ही शिळा दर वेळी पाण्यानं धुतली जायची. इतकं पावित्र्य होतं." एका म्हाताऱ्या बाईनं वाकून धोंड्याले कपाळ टेकलं.

मी झाडू खाली ठेवला. साखळी वलांडली. बसली.

"ए, उठ. गुरुजींची जागा आहे ती."

मी म्हनलं, "गुरुजी इथं कवाच बसले नाही. माही माय बसे. तुमची मामी धुये ना, ते माह्या मायचा इटाळ धुये. त्या वहीतलं पानन् पान इथं बसून तिनं सांगितलं."

माह्या बोलन्यावर एक पाहुनी तोंडाले पदर लावून हासली. म्हातारी बाई मात्र हासली नाही. ते आपलं कपाळ पुसून राह्यली होती. चिटनीस साहेब लालबुंद झाले. शिपायाकडं वळले अन् म्हनले, "पाणी आण."

तोंडातून गेलं त्यायच्या. गेल्यावर त्यायलेही समजलं.

मी म्हनलं, "आना. पाहुन्यायच्या समोर ओता. मी बसली असतानीच ओता."

शिपाई जागचा हालला नाही. पानी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी माहं काम गेलं.

जाऊ दे. दर पुन्यतिथीले मी जातो, साखळी वलांडतो अन् बसतो. ते पोलीस बोलवतात. पोलीस उठवतात, पुढच्या वर्षी मी पुन्हा बसतो. आता वस्तीतल्या चार बाया संग येतात. पाटी बदलेस्तोवर हे असंच चालनार. दर वेळी चिटनीस साहेब इचारतात, तुला हवं तरी काय? काही नाही साहेब. कागद घ्या, पेन घ्या. तुमच्या मामासारखं खिडकीत बसा. मी मायचं नाव सांगतो, लिहून घ्या.

सरूबाई.