झाकणाच्या फटीतलं कुंकू

ती घटना आठवली की आजही मला खुर्चीत बसवत नाही, उठून फेऱ्या मारायला लागतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण छातीची धडधड स्वतःच्या कानांनी ऐकली असा दिवस कोणता, असं विचाराल तर मी कपडे धुण्याच्या एका मशीनची गोष्ट सांगेन. हसू नका, आधी ऐका.

कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी एक बाई तावातावानं बोलत होत्या. अंमलदार त्यांना समजावत होता, “मावशी, मशीन खराब निघालं तर ग्राहक आयोगाकडं जायचं असतंय. हितं न्हाय.”

“आरं बाबा, मला बदलून मिळालंय की दुसरं! मी माझ्यासाठी आलीच न्हाय!”

हे ऐकून मी केबिनमधून बाहेर आलो. स्वतःचं काम झाल्यावर ठाण्याची पायरी चढणारा माणूस आमच्याकडे क्वचितच दिसतो. त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं आणि म्हटलं, पहिल्यापासून सांगा.

मावशींनी नवं मशीन घेतलं होतं. रीतीप्रमाणे झाकणावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, मग बटण दाबलं. थोड्याच दिवसांत सुनेला त्या मशीनचा असा शॉक बसला की पोरगी भिंतीवर जाऊन आदळली. दुकानदारानं आधी खापर फोडलं ते घराच्या अर्थिंगवर. मावशींनी वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतलं, पावती घेतली आणि दुकानाच्या दारातच ठाण मांडलं. गिऱ्हाइकांसमोर शोभा नको म्हणून त्यानं दुसरं मशीन दिलं. पण त्याच्याबरोबर पाण्याची नळी आली नव्हती. ती आणायला आदल्या दिवशी मावशी शिरोली एमआयडीसीजवळच्या त्याच्या गोदामात गेल्या, तेव्हा एक कामगार त्यांचंच जुनं मशीन थिनरनं पुसत होता. स्वस्तिक निघालं, मशीन नव्या खोक्यात गेलं आणि वर चिकटपट्टी बसली.

“माझी सून वाचली, साहेब. आता त्ये मशीन ज्येच्या घरात जाईल, त्येच्या सुनेचं काय?”

अंमलदार माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, “बघतोस काय? जीप काढ. दोन पंच घे. मावशीही येतील, पण दुकानाबाहेर जीपमध्येच थांबतील.”

दुकानदार गोडबोल्या होता. “या साहेब, बसा, चहा सांगतो!” माझा अनुभव असा की जो माणूस पोलिसांना न विचारता खुर्ची पुसून देतो, त्याला आधी भरपूर बोलू द्यावं. मी चहा घेतला. मशीनचा विषयच काढला नाही. म्हटलं, “दुकान झकास सजवलंय. पाडव्याला पूजा दणक्यात होत असेल?”

गडी खुलला. “व्हय तर! सगळ्या मालाची पूजा करतो, साहेब. एकेका खोक्याला हळदीकुंकू लावतो.”

“खोक्याला? मशीनला नाही?”

“मशीनला कसं लावणार? सील फोडलं तर गिऱ्हाईक घेतंय व्हय? खोकं उघडतंय ते गिऱ्हाइकाच्या घरातच.”

मला तेवढंच हवं होतं. पंचांनीही ते ऐकलं होतं. मी कप खाली ठेवला आणि त्याला म्हटलं, चला गोदामात.

गोदामात सीलबंद खोक्यांची रांग होती. पहिलं फोडलं, मशीन कोरं करकरीत. दुसरंही तसंच. दुकानदार रुमालानं मान पुसत हसू लागला. खोटं कशाला बोलू, माझाही धीर सुटत चालला होता. तिसरं फोडलं. वरून हेही चकचकीत. मी झाकण उचललं, बिजागरीच्या फटीत करंगळी घातली आणि बाहेर काढली तर नखाशी लाल! मी चक्क ओरडलो. पुढच्या खोक्यातही तेच. एका मशीनच्या फटीत तर अक्षता अडकलेल्या होत्या.

“साहेब, ते पाडव्याच्या पूजेचं...” एवढं बोलून दुकानदारानं जीभ चावली. स्वतःचंच बोलणं त्याला आठवलं असावं.

“सीलबंद खोक्याच्या आत कुंकू गेलं कसं?” मी विचारलं. लोकांनी परत केलेली मशीन दुरुस्त न करताच नवीन म्हणून विकत होता, हे त्यानं कबूल केलं.

पण मावशींचं मशीन त्या रांगेत नव्हतं. दुकानदार म्हणाला, ते आज सकाळीच गारगोटीला पोचवलंय! त्या घरचा फोन लावला, नुसता वाजत राहिला. गारगोटीच्या ठाण्याला कळवून माणूस पाठवायला सांगितलं आणि आम्हीही निघालो. मावशी आधीच जीपमध्ये चढून बसल्या होत्या. “माझं मशीन मीच वळखणार,” म्हणाल्या.

गारगोटीत त्या घरात शिरलो, तर तिथला हवालदार मशीनचा प्लग हातात घट्ट धरून उभा! घरची आजी त्याच्यावर कडाडत होती. पाटावर कुंकवाचं ताट, शेजारी नारळ. सगळी तयारी झालेली, फक्त मुलांची आत्या यायची होती, तिच्या हातून पूजा करायची म्हणून मंडळी थांबली होती. मोरीच्या ओल्या फरशीवर धुण्याचा ढीग घेऊन घरची सून अनवाणी उभी होती.

“आज सकाळीच आलेलं नवंकोरं मशीन हाय आमचं! पोलीस कशाला ह्येला?” आजी म्हणाली.

मावशींनी झाकण उचललं, फटीत बोट फिरवलं आणि ते लाल बोट आजीसमोर धरलं.

आजी आपल्या ताटाकडे बघत राहिली. “आवो, पर आमी अजून कुंकू लावलंच न्हाय की!”

हवालदारानं गावातला वायरमन बोलावून घेतला होता. सर्वांना लांब उभं करून त्यानं प्लग लावला आणि मशीनच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लखकन पेटला.

फसवणुकीचा आणि जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा दाखल झाला. गिऱ्हाइकांना पैसे आणि भरपाई ग्राहक आयोगानं मिळवून दिली. खराब वस्तू बदलून मिळणं हा हक्क आहे, दुकानदाराचा उपकार नव्हे, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो. पावती जपून ठेवा, अर्थिंगची सबब ऐकून घरी परतू नका. मात्र हक्क मिळाल्यावर परत दिलेली वस्तू पुढं कुणाच्या घरी गेली, हे विचारणाऱ्या मला एकट्या मावशीच भेटल्या. त्या दिवशी त्या गप्प बसल्या असत्या तर गारगोटीला मी पंचनामाच करायला गेलो असतो.

आम्ही निघालो तेव्हा आत्या नुकतीच पोचली होती. आजीनं तिला सगळं सांगितलं. मग दोघींनी मावशींना पाटावर बसवलं, मशीनसाठी भरलेल्या ताटातलं कुंकू त्यांच्या कपाळाला लावलं आणि तो नारळ त्यांच्या ओटीत घातला.