शालीत गुंडाळलेली मलई

"गावाकडे हे नाही जमायचं गं. तिकडे क्रीम कुठं मिळतं?" मागच्या हिवाळ्यात थोरल्या जाऊबाई पुण्यात त्यांच्या घरी मला असं म्हणाल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात त्यांनीच दिलेला काचेचा ग्लास होता. तळाशी बिस्किटाचा चुरा, त्यावर पांढरं क्रीम, त्यावर स्ट्रॉबेरीच्या फोडी, परत चुरा, परत क्रीम. भाजायचं नाही की शिजवायचं नाही, नुसते थर लावून फ्रिजमध्ये ठेवायचं. चवीला छान होतं, नाही कशाला म्हणू. पण क्रीम कागदी खोक्यातलं होतं. आणि हे सांगायचं कुणाला, तर जिच्या गोठ्यात सकाळ-संध्याकाळ किटल्या भरून दूध निघतं तिला. मी म्हटलं, "ताई, तुम्ही सोनईला या तर खऱ्या. असं खाऊ घालते की तुमचं खोकं विसराल."

बोलून बसले की मी मागे हटत नाही. माझं माहेर भिंगारचं, वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला. गाय लांबून बघितलेली तेवढीच. लग्न करून इथं आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही पोरगी महिनाभरसुद्धा टिकायची नाही. टिकले. आता आमच्या वस्तीवर कुठल्या गाईचं फॅट किती लागेल हे मी धारेकडे बघून सांगते, आणि नवरा ते डेअरीत जाऊन पडताळून येतो. माझं बहुतेक बरोबर असतं.

हे सगळं शिकवलं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. पहिल्या थंडीत धार काढताना माझी बोटं आखडायची, तेव्हा त्या माझे हात स्वतःच्या काखेत धरून गरम करायच्या आणि वरून शिव्याही घालायच्या. "नाजूक बाहुली आनलीय माज्या लेकानं," असं अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आई माझी लहानपणीच गेली. तेव्हा आत्याबाई माझ्या कोण, हे मला वेगळं सांगायला नको.

तर यंदा जानेवारीत थोरले दीर, म्हणजे दादा, आणि जाऊबाई सोनईला यायला निघाले खरे, पण माझं गोड खायला नव्हे. आत्याबाईंना घेऊन जायला.

त्या विसरायला लागल्या होत्या. खोटं कशाला बोलू? एकदा रिकामं पातेलं गॅसवर ठेवून अंगणात जाऊन बसल्या. एकदा दुकानात निघाल्या आणि कोपऱ्यावरच उभ्या राहिल्या, शेजारीण हाताला धरून घेऊन आली. मला कधी कधी स्वतःची लेक समजून सासरची खुशाली विचारायच्या. मीही सांगायचे, सगळं बरं आहे म्हणून. पातेल्याची गोष्ट नवऱ्यानं दादांना फोनवर सांगितली आणि दादा म्हणाले, "बास झालं आता. रविवारी गाडी घेऊन येतो. आईची बॅग भरून ठेवा."

दादा वाईट माणूस असते तर सोपं होतं, मी भांडले असते. पण त्यांचा आईवर जीव आहे. आईच्या पदराला आग लागली तर, ही एकच भीती त्यांच्या डोक्यात बसली होती. तिकडे डॉक्टर जवळ, लिफ्ट आहे, दिवसभर सोबतीला बाई ठेवू, असं सगळं त्यांनी ठरवलं होतं. फक्त ती दोघं दिवसभर ऑफिसात, आणि आत्याबाई आठव्या मजल्यावर अनोळखी बाईसमोर बसलेल्या, हे चित्र काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मला त्या इथं हव्या होत्या. गॅसची नळी मी रोज बंद करीन, चार वेळा बंद करीन, पण त्या इथं हव्या होत्या.

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, तुमची आई आहे. तुम्ही सांगा त्यांना." तो म्हणाला, "सांगतो की." शनिवार उजाडला तरी त्यानं चकार शब्द काढला नव्हता. शेवटी दुपारी आत्याबाई गोठ्यात असताना मीच बॅग भरली. लुगडी, औषधाची पिशवी, सगळ्यात खाली त्यांची तपकिरी लोकरीची शाल. बॅग त्यांच्याच कॉटखाली सरकवली आणि बाहेर येऊन कारण नसताना नवऱ्यावर ओरडले.

मग मी स्ट्रॉबेरीला लागले. म्हटलं, न्यायचंय तर न्या, पण माझ्या हातचं खाऊन तरी न्या. नवऱ्याला नगरला पिटाळलं. तो महाबळेश्वरी स्ट्रॉबेरीचे डबे घेऊन आला, वरची फळं टपोरी, खालची चेमटलेली, नेहमीसारखीच. डेअरीतून मी मशीनवर काढलेली ताजी मलई आणली, मोठा स्टीलचा डबा भरून. गोडी मलई, म्हणजे विरजण न लावलेली. ती रात्रभर गारठली की सकाळी फेटायची, फुगली की साखर घालायची. मी मोबाईलवर बघून ठेवलं होतं. डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि निश्चिंत झोपले.

सकाळी धारा उरकून फ्रिज उघडला, तर डबा नाही.

वरचा कप्पा बघितला, खालचा बघितला, भाजीचा ड्रॉवर काढून बघितला. नवऱ्याला विचारलं, त्यानं हात वर केले. घरात तिसरं माणूस एकच होतं. आत्याबाई अंगणात उन्हाला बसून शेंगा सोलत होत्या. मी त्यांच्या खोलीत गेले. कॉटच्या उशाशी, भिंतीला टेकवून, शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडून बघते तर माझा डबा. आत मलई थिजलेली, चमचा उभा राहील अशी, आणि आंबूस वास.

विरजण लावलं होतं. आमच्या घरात मलई, साय काही आलं की त्याला विरजण लागतं, मग ताक होतं, लोणी होतं, तूप होतं. बिनविरजणाची साय ठेवणं म्हणजे आत्याबाईंच्या लेखी पोराला नागडं झोपवणं. झोपण्याआधी फ्रिज उघडला असेल, डबा दिसला असेल, सून विसरली म्हणून कोमट करून चमचाभर दही घातलं असेल, आणि थंडीत लागावं म्हणून उबेला ठेवलं असेल. क्षणभर माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. पाहुणे निघालेले, डेअरीचा टँकर गेलेला, दुसरी मलई आणायची कुठून?

मग माझं लक्ष हातातल्या शालीकडे गेलं. तपकिरी, लोकरीची. मी स्वतःच्या हातानं बॅगेच्या तळाशी घातलेली.

कॉटखालून बॅग ओढली. चेन नीट लावलेली, लुगडी घडीवर घडी तशीच. फक्त शाल नव्हती. म्हणजे त्यांनी बॅग बघितली होती, उघडली होती, आणि आपल्याला कुठंतरी पाठवतायत हे त्यांना कळलं होतं. आणि आम्हांला त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी तिथंच फरशीवर बसले आणि रडले. मग तोंड धुतलं, डबा उचलला आणि अंगणात गेले.

"आत्याबाई, ही मलई गोडी हवी होती मला. पाहुण्यांचं गोड करायचंय."

त्यांनी डब्यात बोट घालून चाटलं. "लई झ्याक लागलंय की. काय बिगाडलं? फडक्यात बांध अन् टांग. पानी गेल्यावर साखर घाल." मग जरा थांबून विचारलं, "कोन येनार हाय?"

"दादा आणि ताई."

"व्हय का," म्हणाल्या आणि परत शेंगा सोलू लागल्या. पुढच्या तासाभरात हाच प्रश्न त्यांनी परत परत विचारला, आणि मी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं.

मलई मलमलच्या फडक्यात बांधून नळाला टांगली. पाणी निथळल्यावर पिठीसाखर घालून हातानंच फेटली, बेतानं, कारण जोर केला असता तर लोणीच निघालं असतं. चाखून बघितलं आणि मनात म्हटलं, अगं बाई, हे तर खोक्यातल्यापेक्षा भारी आहे. ते नुसतं गोड असतं. ह्याला जीव होता, जिभेवर आधी आंबट, मग गोड, मग साय. मारी बिस्किटं लाटण्यानं चुरली, त्यात घरचं तूप आणि कणभर मीठ घातलं. आत्याबाईंना पाटावर बसवून स्ट्रॉबेरीच्या चकत्या करायला दिल्या. पाहुण्यांसाठीचे काचेचे ग्लास काढले आणि दोघींनी थर लावले. त्या चकत्या काचेला आतून चिकटवत होत्या, लाल बाजू बाहेर, एकही वाकडी नाही. एका ग्लासात त्यांनी बिस्किटावर परत बिस्किटच घातलं. तो ग्लास मी स्वतःसाठी बाजूला ठेवला.

दुपारी पाहुणे आले. जेवणं झाली. दादांनी विचारलं, "आई, आज वार कोणता?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमी आला म्हंजी सुट्टीचाच आसंल." दादा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला समजत होता.

मी ग्लास आणून ठेवले. जाऊबाईंनी पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि म्हणाल्या, "हे क्रीम कुठलं गं? आंबूस आहे जरा. पण काय लागतंय. कसं केलंस?"

मी तोंड उघडायच्या आत माझा नवरा, कधी काय बोलावं याची अक्कल नसलेला माझा नवरा, हसत म्हणाला, "अहो वहिनी, ती गंमतच झाली. आईनं रात्री डबा फ्रिजमधून काढला आणि शालीत गुंडाळून उशाशी ठेवला. हिनं सकाळी सगळं घर पालथं घातलं."

दादांनी चमचा खाली ठेवला. "बघ," ते माझ्या नवऱ्याला हळूच म्हणाले. "हेच म्हणतोय मी. फ्रिजमधला डबा कुणी शालीत गुंडाळतं का?"

मला नवऱ्याचा गळा धरावासा वाटला. मी म्हणणार होते की दादा, ते तसं नाही. पण आत्याबाईंनी ग्लासातून मान वर केली.

"मंग काय उघडा ठिवायचा?" त्या दादांना म्हणाल्या. "थंडीत इरजान उबंबिगर लागतं व्हय? इसरले असते तर लावलंच नसतं न्हवं."

आणि जाऊबाईंकडे वळून सांगू लागल्या. दूध किती कोमट हवं, बोट बुडवून कसं बघायचं, उन्हाळ्यात दही किती आणि थंडीत किती, डबा हलवायचा का नाही. एकदाही अडखळल्या नाहीत. जाऊबाई चमचा तोंडात तसाच धरून ऐकत होत्या. दादाही ऐकत होते. लहानपणी हे सगळं त्यांनी रोज बघितलेलं असणार. ऐकता ऐकता त्यांनी ग्लास तळापर्यंत खरवडून खाल्ला.

पण निघायची वेळ झाली तेव्हा ते उठले आणि आत जाऊन कॉटखालची बॅग घेऊन आले. मी ठरवलं होतं की या क्षणी भांडायचं, पण बाजूला सरून मीच त्यांना वाट दिली. आत्याबाईही दारात उभ्या राहिल्या, पायात चप्पल घालून. नाही म्हणायचा त्यांचा स्वभावच नव्हता, थोरल्या लेकाला तर नाहीच.

"गाडीत गार लागेल तिला," दादा मला म्हणाले. "आईची शाल कुठंय? तेवढी द्या."

मी काही म्हणायच्या आधी आत्याबाई बोलल्या, अगदी साध्या आवाजात, कणीक संपलीय असं सांगावं तशा.

"शाल न्हाई मिळायची. आज राती सायीला लागंल."

दादा बॅग धरून उंबऱ्यात उभे राहिले. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाई म्हणाल्या, "राहू दे आता." मग ते मागे फिरले, बॅग कॉटवर नेऊन ठेवली, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "गॅसची नळी रोज बंद करत जा."

मी म्हटलं, "चार वेळा करीन."

गाडी गेल्यावर आत्याबाईंनी चप्पल काढली आणि विचारलं, "कोन आलं हुतं?"

"दादा आणि ताई," मी म्हटलं, आणि फ्रिजमधली साय काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली.